गेम इन्स्टॉल होत नाही? कन्सोल रिसेट मारायच्या आधी हे वाचा

चवथीच्या सुट्टीत पोरं जमली की पुढच्या खोलीत आरत्या आणि मागच्या खोलीत कन्सोल, हे आता गोव्यात बऱ्याच घरांत चालतं. आणि नेमकं तेव्हाच, म्हणजे नवीन गेमची डिस्क आलेली, सगळी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली, आणि ती पट्टी ९९ टक्क्यांवर जाऊन बसते ती हलायचं नाव घेत नाही. नाहीतर सीई-अमुक-तमुक असा काहीतरी नंबर येतो. मग एकजण सांगतो रिसेट मार, दुसरा सांगतो म्हापशाला रिपेअरवाल्याकडे दे. बहुतेक वेळा यातल्या एकाचीही गरज नसते. इन्स्टॉल म्हणजे एकामागून एक होणारी चार कामं, त्यातलं कुठलं अडलंय तेवढं आधी शोधायचं, मग उपाय आपोआप सापडतो आणि बहुतेकदा तो फुकटचा असतो.

आत नेमकं काय चालतं

पावसाच्या आधी पुरुमेताचं सामान भरतो तसंच आहे हे. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांदे आणायच्या आधी कोठीत जागा करावी लागते. मग सामान घरी येतं. मग कोणीतरी यादी घेऊन बसतं, सगळं आलं का, काही ओलं किंवा बुरशी आलेलं तर नाही ना. आणि शेवटी कोठीला कुलूप, चावी घरच्या मालकिणीकडे.

कन्सोलची पण हीच चार कामं. एक, स्टोरेजमध्ये जागा अडवून ठेवायची. दोन, डेटा आणायचा, डिस्कवरून कॉपी करून किंवा नेटवरून डाउनलोड करून. तीन, आलेला डेटा तपासायचा. डेटाच्या तुकड्यांवरून हिशोब करून काढलेला एक आकडा कंपनीने आधीच पाठवलेला असतो, त्याला चेकसम म्हणतात, कन्सोल स्वतः तोच हिशोब परत करतो आणि उत्तर जुळलं नाही की म्हणतो डेटा करप्ट आहे. चार, लायसन्स बघायचं, म्हणजे हा गेम चालवायची परवानगी या अकाउंटला आहे का किंवा खरी डिस्क आत आहे का.

आता ९९ टक्क्यांचं कोडं. बऱ्याचदा डिस्कवरचा माल आणून झालेला असतो आणि पुढे नेटवरचा अपडेट उतरत असतो, किंवा उतरलेला अपडेट जुन्या फाईलींमध्ये मिसळायचं काम आत चालू असतं, जे पीएस-४ (म्हणजे प्लेस्टेशन ४) वर तर भयंकर वेळखाऊ आहे. पट्टी हलत नाही म्हणून प्लग खेचू नका. आधी डाउनलोडच्या यादीत जाऊन बघा, तिथे कॉपी चालू आहे, डाउनलोड चालू आहे की खरंच थांबलंय ते वेगवेगळं दिसतं.

तो नंबर काय सांगतो

सगळा नंबर पाठ करायची गरज नाही. प्लेस्टेशनवर सुरुवातीची दोन अक्षरं बघा. सीई असेल तर बहुतेक भानगड कन्सोलच्या आत आहे (जागा, डिस्क, फाईल), एनडब्ल्यू म्हणजे तुमचं नेटवर्क, एसयू म्हणजे सिस्टम सॉफ्टवेअरचा अपडेट, आणि डब्ल्यूएस असेल तर बहुतेक सर्व्हरच्या बाजूला काहीतरी आहे. उदाहरणार्थ सीई-१०००२८-१ आला तर पीएस-५ वर जागा कमी पडतेय. सीई-१००००५-६ म्हणजे डिस्क वाचता येत नाही. डब्ल्यूएस-३७४०३-७ म्हणजे प्लेस्टेशन नेटवर्कचं मेंटेनन्स चाललंय, तिथे तुम्ही काही करू शकत नाही, जाऊन चहा घ्या आणि नंतर बघा. एक्सबॉक्सवर बरेचदा नंबरच येत नाही, नुसतं इन्स्टॉलेशन थांबलं असं लिहून येतं, त्याचं पुढे सांगतो.

नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. "काहीतरी एरर आला होता" एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही.

जागा आहे की, मग नाही कसं म्हणतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि लोकांना वाटतं कंपनीने फसवलं. पहिल्या पीएस-५ च्या बॉक्सवर ८२५ जीबी लिहिलेलं, पण गेमसाठी मिळतात साधारण ६६७. पहिला एक्सबॉक्स सिरीज एस ५१२ जीबीचा, त्यात वापरायला ३६४ च्या आसपास. बाकीची जागा सिस्टमने स्वतःला ठेवलेली असते, ती मागून मिळत नाही. आता एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो म्हटल्यावर सिरीज एसवाल्याने तीन मोठे गेम टाकले की कोठी भरली.

पण खरा घोळ पीएस-४ वर आहे. तिथे गेम ५० जीबीचा आणि मोकळी जागा ६० जीबी असली तरी अपडेट अडू शकतो, कारण अपडेट बसवताना पीएस-४ जुनी प्रत हात न लावता ठेवतो आणि बाजूला नवीन प्रत तयार करतो, सगळं नीट जमलं की मगच जुनी काढतो. मध्येच काही झालं तर जुना गेम शाबूत राहावा म्हणून ही सोय. त्यामुळे गेमच्या साइझच्या जवळजवळ दुप्पट जागा लागू शकते. यावर सोपा उपाय, जो लोकांना करवत नाही, तो म्हणजे तो गेम अख्खा डिलीट करून अपडेटसकट परत उतरवायचा. प्लेस्टेशनवर गेम काढला तरी सेव्ह (म्हणजे खेळ कुठवर आलाय त्याच्या नोंदी) वेगळीकडे असतात, त्या जात नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त नेट बरं हवं.

"मग बाहेरची हार्ड डिस्क लावतो की!" लावा, पण एक लक्षात ठेवा. पीएस-५ चे गेम यूएसबी हार्ड डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. खेळायचे झाले की आतल्या स्टोरेजवर परत आणावे लागतात. सिरीज एक्स आणि एस साठी बनवलेल्या गेमचं पण तेच. पीएस-४ चे गेम मात्र यूएसबीवरून चालतात, पीएस-५ ला जोडली तरी चालतात. म्हणून माझं मत असं की पीएस-५ वर जुने पीएस-४ चे गेम सगळे बाहेर हलवा आणि आतली जागा नवीन गेमना ठेवा, पैसे असतील तर आत एम-डॉट-टू एसएसडी (वेगवान स्टोरेजची छोटी पट्टी) टाका, तो सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून चालतो आणि त्यावरून पीएस-५ चे गेम खेळता पण येतात. हार्ड डिस्क २५० जीबी ते ८ टीबी यातली पाहिजे, हबमधून जोडली तर कन्सोल कुरकुरतो, थेट जोडा.

डिस्क नवीन आहे तरी वाचत नाही

शेजारचा मुलगा हेच घेऊन आला होता. "काका, कालच आणलीय, एक ओरखडा नाही." जाऊन बघितलं तर डिस्क उलटी घातलेली. हसू नका, पीएस-५ उभा ठेवला की भल्याभल्यांना कळत नाही. समोरून बघितल्यावर डिस्कची छापील बाजू डावीकडे पाहिजे. आडवा ठेवला असेल तर छापील बाजू वर.

उलटी नसेल तर मग आपला गोवा आहेच. जून ते सप्टेंबर इथली हवा एवढी ओली असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे डिस्कचं काय. डब्यात बंद करून ठेवलेली डिस्क ट्यूबलाईटखाली तिरकी धरून बघा, सरळ धरलीत तर काही दिसणार नाही, तिरकी धरली की कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी झाक दिसेल. ती दिसली तर चष्म्याचं मऊ कापड घेऊन मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो डेटाच्या ओळीबरोबर लांब जातो आणि वाचायला फार जड होतो, आडवा ओरखडा कन्सोल बहुतेक वेळा सांभाळून घेतो.

आणि टूथपेस्ट लावू नका! हा सल्ला सीडीच्या काळातला आहे. सीडीमध्ये डेटा वरच्या छापील बाजूला चिकटून असतो आणि लेसरच्या बाजूने वर १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक, ते थोडं घासलं तरी चालायचं. गेमच्या डिस्क ब्लू-रे आहेत, त्यात डेटा पृष्ठभागाच्या खाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर एक कडक लेप असतो, तो घासून काढलात की डिस्क संपली.

अजून एक गोष्ट पावसाळ्यातली. एसीच्या थंडगार खोलीतून कन्सोल उचलून हॉलमध्ये आणला आणि लगेच डिस्क घातली तर आत लेन्सवर दमट हवेचं पाणी जमलेलं असू शकतं, डिस्क वाचणार नाही. डिस्क बाहेर काढून कन्सोलला खोलीच्या हवेला येऊ द्या, मग लावा. डिस्कच्या डब्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या तर उत्तम, बूट-बॅगेत येतात त्याच चालतात.

डिस्क विकत घेतली, मग परत डाउनलोड कशाला?

राग येणं साहजिक आहे. पीएस-४ च्या डिस्कवर जास्तीत जास्त ५० जीबी मावतात, पीएस-५ च्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत, आणि डिस्क छापून झाल्यावर पण कंपनी गेम दुरुस्त करत असते, तो दुरुस्तीचा भाग पहिल्याच दिवशी नेटवरून येतो. काही वेळा तर डिस्क नावापुरती. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टूच्या पीएस-५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा निघाला होता, बाकी सगळा गेम नेटवरून. म्हणजे ती डिस्क सामान नव्हतीच, ती नुसती चावी होती. आपलं नेट खराब असेल तर डिस्क घ्यायच्या आधी बॉक्सच्या मागे डाउनलोड लागेल असं लिहिलंय का ते वाचून घ्या.

एक्सबॉक्सवर इन्स्टॉलेशन थांबलं असं येत असेल तर इथेच एक जुनी युक्ती कामाला येते. रांगेतून तो गेम काढा, नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ऑफलाईन व्हा, कन्सोल रिस्टार्ट करा, डिस्क घाला, आणि डिस्कवरचा गेम पूर्ण उतरू द्या. मग नेट चालू करून अपडेट घ्या. दोन कामं एकत्र करताना तो अडखळत असतो, वेगळी केली की बरेचदा सुटतं. आणि हो, सिरीज एस आणि पीएस-५ डिजिटलला डिस्कची फटच नसते, तरी लोक ऑफर बघून डिस्क घेऊन येतात.

फोनवर नेट धावतं, कन्सोलवर रांगतं

कारण फोन घेऊन तुम्ही राउटरजवळ बसता आणि कन्सोल आतल्या खोलीत असतो. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाडजूड भिंती वायफायला अजिबात मानवत नाहीत, त्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत जास्तच मरतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडे पोचतो पण हळू. पहिला जाडा पीएस-४ तर फक्त २.४ वरच चालतो. उपाय म्हणजे लॅनची केबल, दिसायला बरी नाही पण तिच्यासारखं काही नाही. तेवढं जमत नसेल तर इन्स्टॉलपुरता कन्सोल राउटरशेजारी नेऊन ठेवा, टीव्हीवर खेळायचं नंतर.

हिशोब पण एकदा करून बघा म्हणजे उगाच एरर आहे असं वाटणार नाही. ४० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला ५ एमबी, कारण एमबीपीएसमध्ये बिट मोजतात आणि ८ बिट म्हणजे १ बाईट. १०० जीबीच्या गेमला साडेपाच तास, तेसुद्धा घरात दुसरं कोणी सिरियल बघत नसेल तर. फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर विचारच करू नका. घरच्या फायबरला पण अनलिमिटेड म्हटलं तरी बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, ती गेमने सहसा संपत नाही पण संपली की स्पीड पार बसतो.

डाउनलोड चालू असताना दुसरा गेम खेळू नका, पीएस-४ आणि एक्सबॉक्स दोन्ही अशा वेळी डाउनलोडचा वेग कमी करतात. रात्री रेस्ट मोडवर (पूर्ण बंद न करता झोपवून) सोडा, फक्त सेटिंगमध्ये रेस्ट मोडमध्ये नेट चालू राहील असं केलेलं असू द्या.

लाईट गेली आणि सगळं बिघडलं

हा आपल्याकडचा खास आजार. पाऊस-वारा सुरू झाला की माड तारांवर पडतो आणि लाईट जाते, परत येते, परत जाते. इन्व्हर्टर असला तरी साधा इन्व्हर्टर बदल करताना क्षणभर गॅप देतो, पंख्याला कळत नाही, कन्सोल मात्र बंद पडतो. काही इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबून बघा, नाहीतर कन्सोल आणि राउटरला कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा.

फाईल लिहिता लिहिता वीज गेली की डेटा अर्धवट राहतो आणि शिवाय कुठे काय ठेवलंय याची कन्सोलची वही, म्हणजे डेटाबेस, ती पण गोंधळते. मग सामान आहे पण यादीत नाही, जागा भरलेली पण गेम दिसत नाही, असे विचित्र प्रकार होतात. प्लेस्टेशनवर यासाठी सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा वेगळा मेन्यू आहे. कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, एक बीप लगेच येईल, दुसरा साधारण ७ सेकंदांनी, तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून मधलं पीएस बटण दाबा. यादीत डेटाबेस परत बांधायचा (रिबिल्ड डेटाबेस) पर्याय आहे. यात गेम जात नाहीत, सेव्ह जात नाहीत, नुसती वही नव्याने लिहिली जाते. वेळ लागतो, विशेषतः हार्ड डिस्क भरलेली असेल तर, आणि कृपा करून हे काम वादळात सुरू करू नका.

एक्सबॉक्सवर समोरचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, पूर्ण बंद झाला की प्लग काढून थोडा वेळ थांबा, मग परत चालू करा. मामुली वाटतं पण अर्धी दुखणी तिथेच सुटतात.

गेम दिसतो, पण वर कुलूप

सगळं आलं, तपासून झालं, आणि तरी चालत नाही, म्हणजे चौथं काम अडलंय. पीएस-५ वर सेटिंगमध्ये युजर्स अँड अकाउंट्समध्ये रिस्टोर लायसन्सेस आहे, ते करून बघा. तो अकाउंट या कन्सोलचा मुख्य आहे का तेही बघा.

आपल्याकडे कोणाचा ना कोणाचा मामा दुबईला किंवा बोटीवर असतोच आणि येताना डिस्क आणतो. ती चालते. पीएस-४ आणि पीएस-५ च्या गेम डिस्कला देशाचं कुलूप नसतं, सिनेमाच्या डिस्कला असतं. पण त्या गेमचे वरचे पैसे देऊन घ्यायचे भाग, म्हणजे डीएलसी, डिस्कच्या रिजनशी जुळावे लागतात. तिकडची डिस्क आणि इकडच्या अकाउंटवर घेतलेला डीएलसी, पैसे गेले आणि डीएलसी उतरला तरी गेम त्याला ओळखतच नाही. परत परत इन्स्टॉल करून उपयोग नाही, खरेदीच्या आधीच बघायला हवं.

आणि ते ऑनलाइन स्वस्तात गेमचे अकाउंट विकतात ना, हजारो रुपयांचा गेम काहीशे रुपयांत, त्यावर कुलूप आलं तर कन्सोलला दोष देऊ नका. मूळ मालकाने पासवर्ड बदलला किंवा तोच अकाउंट अजून चार जणांना विकला की लायसन्स जातं, आणि हे नियमांच्या बाहेरचं असल्यामुळे कंपनीकडे दाद मागता येत नाही.

रिसेट मारला तर काय जातं

सगळं जातं, म्हणून शेवटी. सेफ मोडमध्ये रिसेटचे पर्याय पण त्याच यादीत आहेत, नाव न वाचता त्यांच्यावर बोट पडू देऊ नका. पीएस-४ गेमच्या सेव्ह पेन ड्राइव्हवर काढता येतात. पीएस-५ गेमच्या येत नाहीत, त्या फक्त क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि त्याला प्लेस्टेशन प्लसचं सबस्क्रिप्शन लागतं. एक्सबॉक्सच्या सेव्ह नेट असेल तर आपोआप क्लाउडवर जातात, ते फुकट आहे, आणि या बाबतीत एक्सबॉक्सवाले नक्कीच पुढे आहेत.

आता खरंच रिपेअरला द्यायचा का?

हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. दोन-तीन वेगवेगळ्या डिस्क लावा आणि एखादा छोटा फुकटचा गेम नेटवरून उतरवा. डिस्क सगळ्या नापास आणि डाउनलोड पास, तर डिस्क ड्राइव्ह गेलाय. दोन्हीकडून आलेला डेटा पुन्हा पुन्हा करप्ट निघतो, तर स्टोरेज गेलंय. एकच गेम अडतो आणि बाकी सगळे ठीक, तर कन्सोल ठणठणीत आहे, कोणालाही पैसे देऊ नका.

पीएस-४ ची हार्ड डिस्क लॅपटॉपचीच अडीच इंची असते, स्क्रू काढून घरी बदलता येते, त्यामुळे "मदरबोर्ड बदलावा लागेल" असं कोणी पहिल्याच नजरेत सांगितलं तर आधी हार्ड डिस्क बदलून बघितली का ते विचारा. पीएस-५ चं आतलं स्टोरेज बोर्डावरच बसवलेलं आहे, ते घरी बदलायचं काम नाही. आणि पीएस-४ किंवा पहिल्या पीएस-५ चा डिस्क ड्राइव्ह बदलून घेत असाल तर त्या ड्राइव्हवरचं छोटं सर्किट तुमच्या मदरबोर्डाशी जोडी बांधलेलं असतं, दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह उचलून लावला तर गेम वाचणार नाही. नवीन ड्राइव्हवर जुनं सर्किट हलवणार ना, हे काउंटरवरच विचारा, आणि काढलेला जुना ड्राइव्ह काम होईपर्यंत फेकू देऊ नका.